गेम नीट चालतो, रेकॉर्डिंग अडखळतं: ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी आणि बदलताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि ७५ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर. खेळताना गेम ठीक वाटतो, पण ओबीएस या रेकॉर्डिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेला व्हिडिओ झटके खातो. यूट्यूबवर चॅनेल सुरू करायचं आहे, खर्चाची तयारी ३५,००० रुपयांपर्यंत, घर डोंबिवलीला. समोर चार नावं आहेत: आरटीएक्स ५०६०, आर्क बी५८०, आरएक्स ९०६० एक्सटी आणि सेकंडहँड आरटीएक्स ३०६०. यातलं कुठलं घ्यावं?

उत्तर देतो, पण आधी एक गैरसमज दूर करू. रेकॉर्डिंग अडखळतं तेव्हा कार्डाचा एन्कोडर कमी पडतोय असं बहुतेकांना वाटतं, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. एन्कोडर हा व्हिडिओ दाबून त्याची फाईल बनवणारा, चिपवरचा वेगळा भाग आहे. गेमचं चित्र काढणाऱ्या कोअर्सशी त्याचं भांडण नसतं. तुमच्या १६५० वरचा एनव्हेंक (एनव्हिडियाचा एन्कोडर) १०८०पी, ६० फ्रेम्सचं रेकॉर्डिंग आरामात करतो. पण फ्रेम एन्कोडरकडे जाण्याआधी ओबीएसला ती तयार करावी लागते. गेमचं चित्र, वेबकॅम, कोपऱ्यातलं नाव हे सगळं एकत्र रचायचं काम त्याच जीपीयूवर, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपवर होतं. गेमने जीपीयू ९९ टक्के व्यापला असेल तर ओबीएसची पाळी वेळेवर येत नाही आणि ती फ्रेम कायमची हुकते. तुम्हाला स्क्रीनवर काहीच जाणवत नाही, कारण गेमची फ्रेम आलेली असते. फाईलमध्ये मात्र भोक पडतं.

हे खरंच असंच आहे का, ते पाहायला पैसे लागत नाहीत. ओबीएसच्या डॉक्स मेन्यूतून स्टॅट्स उघडा आणि दहा मिनिटं खेळून रेकॉर्ड करा. तिथे दोन ओळी महत्त्वाच्या. रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम्स वाढत असतील तर वर सांगितलेला प्रकार आहे, म्हणजे जीपीयूला उसंत नाही. एन्कोडिंग लॅगमुळे वगळलेल्या फ्रेम्स वाढत असतील तर एन्कोडरवर ताण आहे, किंवा चुकून एक्स२६४ हा प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर निवडला गेलाय आणि सगळं ओझं प्रोसेसरवर पडतंय. नवीन लोकांच्या मशीनवर ही एक्स२६४ ची चूक फार सापडते. आउटपुट सेटिंग्जमध्ये एन्कोडर समोर एनव्हेंक एच.२६४ लिहिलंय ना, तेवढं बघून घ्या. तिसरी ओळ नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम्सची. ती लाइव्ह स्ट्रीमिंगची गोष्ट, इथे सोडून द्या.

दोन्ही ओळी शून्याजवळ आहेत आणि तरी व्हिडिओ झटके खातोय? मग गुन्हेगार तुमचा मॉनिटर असायची शक्यता मोठी आहे. ७५ हर्ट्झवर गेम ७५ फ्रेम्सला बांधला आणि रेकॉर्डिंग ६० ला ठेवलं, तर दर पाचातली एक फ्रेम टाकून द्यावी लागते. कॅमेरा सावकाश फिरवला की ती उणीव डोळ्यांना दिसते. त्यामुळे रेकॉर्ड करताना गेमला ६० चीच मर्यादा घाला. पुढे १४४ हर्ट्झचा मॉनिटर आला तर १२०, म्हणजे बरोबर दुप्पट. या एका मर्यादेने दोन कामं होतात: फ्रेम्सचं गणित जुळतं आणि जीपीयूला श्वास घ्यायला जागा मिळते. वापर ८५ ते ९० टक्क्यांच्या खाली राहिला की रेंडरिंग लॅग जवळपास नाहीसा होतो. जोडीला ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा. मग विंडोज त्याला जीपीयूवर अग्रक्रम मिळू देतं. डिस्प्ले कॅप्चरऐवजी गेम कॅप्चर वापरा.

एवढं करून काम भागलं तर ३५,००० रुपये खिशात राहिले. तुमच्या बाबतीत कदाचित पूर्ण भागणार नाही, कारण ४ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी.

व्हीरॅमचं दुखणं समजून घ्या, कारण नवं कार्ड निवडताना तेच निर्णायक ठरतं. विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि ओबीएस मिळून अर्धा ते एक जीबी सहज खातात. उरलेल्या तीनमध्ये आजचा मोठा गेम मावत नाही. मावला नाही की टेक्श्चर्स (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) साध्या रॅममध्ये सांडतात आणि लागतील तेव्हा कार्ड ज्यात बसतं त्या पीसीआयई स्लॉटमधून ओढून आणावे लागतात. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर डेडिकेटेड मेमरी काठोकाठ भरलेली आणि शेअर्ड मेमरी वर चढताना दिसली, तर हेच चाललंय. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डवरची मेमरी सेकंदाला ३६० जीबी हलवू शकते. पीसीआयई ३.० चा पूर्ण सोळा लेनचा (डेटाच्या वाटांचा) स्लॉट जेमतेम १६ जीबी, आणि आठ लेनचा जेमतेम ८. फरक किती पटींचा आहे बघा. झटका तिथे बसतो.

आता तुमचा बी४५० बोर्ड. तो पीसीआयई ३.० चा आहे, आणि आजची बरीच मध्यम कार्डं सोळाऐवजी आठच लेन वापरतात. नव्या बोर्डवर त्याने फारसं बिघडत नाही, कारण प्रत्येक लेन दुप्पट किंवा चौपट वेगाची असते. तुमच्या बोर्डवर आठ लेन म्हणजे खरोखर अर्धा रस्ता. व्हीरॅम पुरत असेल तोवर हा तोटा किरकोळ राहतो. सांडायला लागला की दुहेरी मार. म्हणून यूट्यूबवरचे बेंचमार्क पाहताना एक ध्यानात ठेवा: ते बहुतेक नव्या बोर्डवर आणि सर्वांत वेगवान प्रोसेसरवर घेतलेले असतात. तुमच्या घरी तोच आकडा येईलच असं नाही.

चार नावांकडे येऊ.

आर्क बी५८० कागदावर सगळ्यात उदार आहे. १२ जीबी व्हीरॅम, एन्कोडर उत्तम, एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट सुद्धा. तरी तुम्ही ते घेऊ नका. इंटेलच्या ड्रायव्हरचं प्रोसेसरवर पडणारं ओझं जास्त आहे, आणि नेमकं रायझन ५ ३६०० सारख्या प्रोसेसरवर ते उघडं पडतं. वेगवान प्रोसेसरवर ते ज्या कार्डाला मागे टाकतं, त्याच कार्डाच्या मागे ते इथे पडतं. शिवाय रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर त्याची अवस्था अजून बिकट होते. नव्या प्रोसेसरच्या मशीनसाठी चांगलं कार्ड, तुमच्यासाठी नाही.

सेकंडहँड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, अजूनही विचारात घेण्यासारखं आहे. सोळा लेन, १२ जीबी, १७० वॉट. एव्ही१ एन्कोड नाही, पण एच.२६४ ची गुणवत्ता नव्या पिढीपेक्षा डोळ्यांना वेगळी दिसत नाही. अडचण दोन. हे कार्ड २०२१ च्या फेब्रुवारीत आलं, म्हणजे तीन वर्षांची वॉरंटी बऱ्याच नगांची संपलेली. आणि याच नावाने पुढे ८ जीबीचं कार्ड निघालं, ज्याची मेमरी बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता) १९२ ऐवजी १२८ बिटची आहे. जाहिरातीत नुसतं ३०६० लिहिलेलं असतं. ८ जीबीचं निघालं तर तिथूनच परत फिरा.

आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी जीडीडीआर७, १४५ वॉट, एकच आठ पिनचा कनेक्टर आणि एनव्हेंकची सर्वांत नवी पिढी. वेग तुमच्या १६५० च्या मानाने प्रचंड. आठ लेनचं आहे, म्हणून ८ जीबीच्या मर्यादेत राहणं भाग आहे. टेक्श्चर अल्ट्राऐवजी हाय ठेवायचं, रे ट्रेसिंग रेकॉर्डिंगपुरतं बंद. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, जीटीए ५ आणि एम्युलेटरवरचे मोबाईल गेम्स हेच तुमचं खाद्य असेल तर ८ जीबी भरपूर झालं. फ्रेम जनरेशनचा (कार्डाने मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून घालण्याचा) मोह रेकॉर्डिंगच्या वेळी टाळा. ते स्वतः व्हीरॅम खातं, आणि ६० च्या मर्यादेत त्याचा उपयोगही नाही.

आरएक्स ९०६० एक्सटी याच नावाने ८ आणि १६ जीबी अशी दोन कार्डं विकतात. १६ जीबीवालं तुमच्या बोर्डसाठी या चौघांत सगळ्यात योग्य आहे. सोळा लेन पूर्ण वापरतं, त्यामुळे पीसीआयई ३.० चा त्रास कमी, आणि १६ जीबीत १०८०पी वर सांडायचा प्रश्न फारसा येत नाही. एएमडीच्या एच.२६४ एन्कोडरची पूर्वीची बदनामी रास्त होती. या पिढीत ती गुणवत्ता बरीच सुधारली आहे. आधीच्या पिढीतल्या आरएक्स ७६०० वर तर एव्ही१ मध्ये १०८०पी रेकॉर्ड केलं की फाईल १०८२ ओळींची यायची आणि कडेला काळी पट्टी दिसायची. नव्या पिढीत तेही गेलं. कमतरता उरते ती एडिटिंगमध्ये. प्रीमियर किंवा रिझॉल्व्हमधले काही इफेक्ट्स आणि प्लगिन्स एनव्हिडियावरच नीट पळतात.

तर निवाडा असा. मोठे, गोष्टीवाले गेम्स रेकॉर्ड करणार असाल आणि जुनं १६५० विकून आलेले पैसे धरून ९०६० एक्सटी १६ जीबी आवाक्यात येत असेल, तर तेच. स्पर्धात्मक गेम्स आणि त्यासोबत भरपूर एडिटिंग असेल तर ५०६०. ९०६० एक्सटीचं ८ जीबी रूप मी सुचवत नाही. त्याच कार्डाचं मुख्य बळ काढून टाकल्यावर घ्यायचं कशाला?

यादीत नसलेलं, पण दुकानात हमखास पुढे केलं जाणारं एक कार्ड आहे: आरएक्स ६५०० एक्सटी, आणि त्याचा धाकटा भाऊ ६४००. या दोन्हींत व्हिडिओ एन्कोडरच नाही. नुसता कमजोर आहे असं नाही, मुळात नाहीच. वर चारच लेन. गेम रेकॉर्ड करणाऱ्याने या कार्डांकडे बघूही नये, किंमत काहीही सांगोत. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप ७० वॉटमध्ये, वेगळ्या पॉवर केबलशिवाय चालतं. ज्याच्या एसएमपीएसला पीसीआयई केबलच नाही त्याच्यासाठी ते ठीक.

एव्ही१ साठी जास्त पैसे मोजू नका. कमी बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला कमी डेटात, चांगलं चित्र, ही त्याची करामत लाइव्ह स्ट्रीमिंगला उपयोगी. तुम्ही घरच्या डिस्कवर रेकॉर्ड करणार, एडिट करणार आणि मग अपलोड करणार. तिथे बिटरेटची टंचाई नाही. उलट एव्ही१ फाईल टाइमलाइनवर मागेपुढे करताना जुन्या मशीनला धाप लागते. आणि यूट्यूब काहीही दिलंत तरी स्वतःच्या पद्धतीने पुन्हा एन्कोड करतंच.

जुनं १६५० दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून त्याच्यावर एन्कोडिंग टाकायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. बी४५० वर ती नको. दुसरा मोठा स्लॉट बहुधा चिपसेटवरून येतो आणि पीसीआयई २.० च्या चार लेनचा असतो. प्रत्येक फ्रेम एका कार्डातून दुसऱ्यात नेण्यात जे जातं ते वाचलेल्या कामापेक्षा जास्त होतं. विकून टाका.

प्रोसेसर आणि एसएमपीएस

व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइकसारख्या गेम्समध्ये फ्रेम्सची मर्यादा बहुतेक वेळा प्रोसेसर ठरवतो. तपासायची रीत सोपी: रिझोल्यूशन ७२०पी करा. फ्रेम्स जागच्या जागी राहिल्या तर अडथळा प्रोसेसरचा आहे आणि नवं कार्ड तिथे काही करणार नाही. तुमच्या बोर्डवर रायझन ५ ५६०० बसतो. फक्त बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करायचं, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नवा बसवून मग करू म्हणालात तर स्क्रीन काळीच राहील. हा खर्च पुढच्या वर्षी केला तरी चालेल. त्याआधी फुकटातली एक गोष्ट बघा: टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग. ३२०० ची रॅम घेऊनही बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू न केल्यामुळे २४०० किंवा २६६६ वर चाललेली मशीन्स ढिगाने आहेत. एकच १६ जीबीची कांडी असेल तर ८-८ च्या दोन लावा. या प्रोसेसरला ड्युअल चॅनेलचा फरक चांगला जाणवतो.

एसएमपीएसवर ४५० लिहिलंय, यावर जाऊ नका. कॅबिनेट उघडून स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर १२ ने गुणा. ३५ असतील तर ४२० वॉट, हा प्रामाणिक सप्लाय. त्याच ४५० च्या स्टिकरवर १२ व्होल्टला २५ अँपिअर असतील तर गेमिंगच्या कामाचे ३००च वॉट आहेत, बाकी आकडा सजावट. तुमची गरज मोजू: ५०६० चे १४५, प्रोसेसरचे पूर्ण ताणात ८८ च्या आसपास, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. २८० ते २९० वॉट झाले. चांगल्या ४५० मध्ये हे बसतं. एनव्हिडिया ५०६० साठी ५५० वॉट सुचवते, कारण त्यांना बाजारातले स्टिकर ठाऊक आहेत. एसएमपीएस बदलायचा असेल तर ५५० किंवा ६५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ, आणि त्याचे पैसे कार्डाच्या आधी बाजूला काढा. सहा अधिक दोन पिनची केबल थेट एसएमपीएसमधून यायला हवी. मोलेक्सचं (जुन्या चार पिनच्या कनेक्टरचं) आठ पिन करून देणारा अडॅप्टर दुकानदार हसत हसत पिशवीत टाकतो. आठ पिनच्या कनेक्टरने १५० वॉट द्यायचे असतात. मोलेक्सची पातळ तार आणि सैल पिन त्यासाठी नाहीतच. प्लास्टिक वितळतं ते तिथेच.

डोंबिवलीत वीज महावितरणची, आणि दक्षिण मुंबईच्या मानाने ती जास्त वेळा जाते, म्हणून यूपीएसचंही सांगतो. बाजारातला सामान्य ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचा असतो. मशीन अधिक मॉनिटर अधिक एसएमपीएसची गळती धरली की तुम्ही त्याच्या काठावर जाता आणि वीज जाताक्षणी तो टूं करून बंद पडतो. १००० व्हीए किंवा वर घ्या. आणि रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्येच करा. साधी एमपी४ फाईल मध्येच तुटली तर उघडत नाही. एमकेव्ही तुटली तरी तोपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसच्या फाईल मेन्यूतल्या रीमक्सने ती काही सेकंदांत एमपी४ होते, गुणवत्तेला धक्का न लागता.

खरेदी

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. डोंबिवलीहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडा. ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडलं की भडकमकर मार्ग चालत काही मिनिटांवर. पहिल्या दुकानात घेऊ नका. चार-पाच ठिकाणी पूर्ण मॉडेल सांगून भाव विचारा, कारण ५०६० या एका नावाखाली दोन पंख्यांचं स्वस्त आणि तीन पंख्यांचं महाग अशी डझनभर रूपं असतात आणि दुकानदार सोयीचं तेवढंच सांगतो. या वर्गातल्या कार्डात फॅक्टरी ओव्हरक्लॉकसाठी जादा पैसे देणं व्यर्थ. दोन पंख्यांचं साधं मॉडेल घ्या, आणि कॅबिनेटमध्ये समोरच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंतचं अंतर आधी घरी मोजून न्या.

भाव जीएसटी धरून आहे का, हे सुरुवातीलाच विचारा. ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के कर आहे, आणि बिल नको असेल तर कमी करतो हे वाक्य ऐकू येईलच. पक्कं बिल नाही म्हणजे वॉरंटीच्या दारात तुमच्या हातात काही नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या व कार्डावरच्या नंबराशी दुकानातच ताडून पाहा. माल भारतातल्या अधिकृत वितरकाचा आहे ना, की बाहेरून आणलेला, हेही विचारा. बाहेरून आणलेल्याची वॉरंटी इथलं सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं. क्रेडिट कार्डाने द्यायचे तर काही दुकानदार वर दीड-दोन टक्के मागतात, तोही भावात धरा. ऑनलाइन मागवलंत तर पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा. आणि घेतलेलं कार्ड संध्याकाळच्या सहाच्या गर्दीत छातीशी धरून डोंबिवली गाठण्यापेक्षा दुपारीच परता.

सेकंडहँड ३०६० घेणार असाल तर चालू मशीनवर, समोर बसून. जीपीयू-झेड उघडा: मेमरी १२ जीबी, बस १९२ बिट दिसली पाहिजे. बायोस बदलून जुन्या कार्डाला नवं नाव दिलेलं असलं तर हा प्रोग्राम बहुधा नावापुढेच तसं लिहून दाखवतो. मग ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्राममधली व्हीरॅमची चाचणी लावा. एक जरी चूक निघाली तरी सौदा संपला. त्यानंतर पंधरा मिनिटं जड बेंचमार्क फिरवून कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांतला फरक बघा. १५ अंशांपर्यंत ठीक. २५ च्या पुढे गेला तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली आहे किंवा कुणीतरी उघडून नीट बसवलं नाही. शेवटी पाच मिनिटं ओबीएसने रेकॉर्डिंग करून टास्क मॅनेजरमधला व्हिडिओ एन्कोडचा आलेख हलतोय ना, ते पाहा. गेम उत्तम चालवणारं पण एन्कोडर मेलेलं कार्ड विरळा, पण तुम्हाला नेमका तोच भाग हवा आहे. पंखा हाताने हलवून बेअरिंगचा खळखळाट ऐका. स्क्रूवर आणि मागच्या पट्टीवर गंज दिसला तर कार्ड समुद्राजवळच्या घरात उघड्या खिडकीशी राहिलेलं असू शकतं. तो गंज बाहेर दिसतो तेवढाच असतो असं नाही.

बसवणं आणि सेटिंग

जुन्या ड्रायव्हरचं काय? १६५० वरून ५०६० वर जाताना कंपनी तीच, नवा ड्रायव्हर चढवताना क्लीन इन्स्टॉलवर टिक केली की पुरे. ९०६० एक्सटी घेतलंत तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने एनव्हिडियाचं सगळं काढून मग कार्ड बदला. इंटरनेटची केबल तेवढा वेळ काढून ठेवा, नाहीतर विंडोज स्वतःच एखादा जुना ड्रायव्हर आणून बसवतं.

रिसायझेबल बार चालू करायला बोर्डचं नवं बायोस, सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद आणि विंडोजची डिस्क जीपीटी पद्धतीची हवी. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये डिस्क एमबीआर असेल तर सीएसएम बंद करताच विंडोज सुरू होणार नाही. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, त्याने डिस्क न पुसता बदल होतो. तरी आधी बॅकअप घ्या.

ओबीएसमध्ये कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही १९२० बाय १०८०, ६० फ्रेम्स. आउटपुट ॲडव्हान्स्ड मोडमध्ये, एनव्हेंक एच.२६४, रेट कंट्रोल सीक्यूपी (फाईलचा आकार नाही, गुणवत्ता ठरवणारी पद्धत), पातळी २० पासून सुरू करा. आकडा कमी केला की चित्र सुधारतं आणि फाईल फुगते. १६ च्या खाली जाण्यात अर्थ नाही. प्रीसेट पी५ पुरे. लुक-अहेड बंद ठेवा, ते गेमच्याच कोअर्सवर चालतं. एएमडीवर त्यांचा एच.२६४ एन्कोडर, क्वालिटी प्रीसेट, बाकी तसंच. गवताळ, धावपळीच्या गेममध्ये सरासरी ५० एमबीपीएसला गेलात तर तासाला साडेबावीस जीबी होतात. वेगाच्या दृष्टीने हे सेकंदाला जेमतेम सव्वासहा एमबी, साधी हार्ड डिस्कही पेलते. फक्त गेम त्याच हार्ड डिस्कवर नको, कारण नवा नकाशा लोड होताना डिस्कचं डोकं दोन्हीकडे धावतं आणि रेकॉर्डिंगचा बफर भरतो. एडिट करून झाल्यावर १०८०पी, ६० फ्रेम्सच्या अपलोडला यूट्यूब १२ एमबीपीएस सुचवतं. तुम्ही त्याहून थोडं जास्त दिलं तर हरकत नाही.

आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या: पहिल्यावर सगळं मिळून, दुसऱ्यावर गेम, तिसऱ्यावर माइक, चौथ्यावर डिस्कॉर्ड. ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये टिका करून भागत नाही, रेकॉर्डिंगच्या पानावरही ते ट्रॅक निवडावे लागतात. तिथेच बहुतेक जण चुकतात आणि मित्राची शिवी गेमच्या आवाजातून काढता येत नाही. सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा, विंडोजमधल्या माइकच्या सेटिंगमध्ये सुद्धा.

उष्णतेचं वेगळं सांगायला हवं. परदेशी रिव्ह्यू २०-२२ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. मे महिन्यात एसीविना तुमची खोली ३३ ला असते, म्हणजे रिव्ह्यूतल्या ६५ ला तुमच्याकडे ७५ च्या पुढे धरा. कार्डाला त्याने धोका नाही, पण पंखे ओरडतात आणि तो आवाज माइकमध्ये येतो. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग्ज बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. फ्रेम्स अगदी थोड्या जातात, आणि ६० ची मर्यादा असताना त्याही जात नाहीत. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, समोरची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवू नका, दमट हवेत रोज थोडा वेळ चालू राहिलेलं बरं.

सगळं लागल्यावर जो गेम सर्वांत जड वाटतो तो घेऊन अर्धा तास सलग रेकॉर्डिंग करा. जीपीयूचा वापर, व्हीरॅम आणि स्टॅट्समधल्या त्या दोन ओळी लिहून ठेवा. हुकलेल्या फ्रेम्स ०.१ टक्क्याच्या आत असतील तर सेटिंग तसंच ठेवा. जास्त असतील तर आधी टेक्श्चर एक पायरी खाली, मग सावल्या, त्यानंतरही नाही जमलं तर अपस्केलिंग क्वालिटी मोडवर. एन्कोडरच्या सेटिंगला हात सगळ्यात शेवटी. बिल आणि खोकं तीन वर्षं जपा. सर्व्हिस सेंटर कार्ड मूळ खोक्यात, आतल्या फोमसकट मागू शकतं.